घरपट्टीतला आपला दहावा वाटा

(सुपे येथे प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटप्रमुख ताईंनी केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून निम्म्या जणी चहाला उठतील, हे मला ठाऊक आहे. विषय आहे घरपट्टी. पण मी सांगणार आहे ते आपल्या पैशाचं आहे, म्हणून पंधरा-वीस मिनिटं बसा. चहा नंतर आहेच.

आधी माझीच फजिती सांगते. तीन वर्षांमागं आमच्या गावातल्या आम्ही अकरा जणी अर्ज घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. मागणी फार मोठी नव्हती. अंगणवाडीच्या संडासाला दार नव्हतं, पाण्याची टाकी फुटलेली होती, पोरं उघड्यावर बसत होती. बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं, की ग्रामपंचायतीला उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करावे लागतात. मग काय, आम्ही तो आकडा धरूनच गेलो.

कामकाज बघणाऱ्या भाऊसाहेबांनी अर्ज वाचला. रागावले नाहीत, की उडवून लावलं नाही. एवढंच म्हणाले, "ताई, दहा टक्के असतात ते खरंय. पण ते ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे असतात. उत्पन्नच जमा नाही, तर दहा टक्के कशाचे काढू?" आणि त्यांनी मागणीची वही आमच्यापुढं फिरवली. अकरा जणींपैकी सात जणींच्या घरची पट्टी थकलेली. माझ्या घरची तीन वर्षांची.

मी गटाची प्रमुख. एखादीचा हप्ता आठ दिवस पुढं गेला तर तिच्या ओट्यावर जाऊन बसणारी बाई. त्या दिवशी मला खाली बघावं लागलं.

घरी येऊन मालकांना विचारलं, तर म्हणाले, "सगळं गाव कुठं भरतंय?" हे उत्तर तुम्हीही ऐकलं असेल. आज मला याच उत्तराबद्दल बोलायचं आहे.

गावात पैसा येतो कुठून?

ग्रामपंचायतीकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वरून येतो, दुसरा गावातून.

वरून येतो तो वित्त आयोगाचा निधी आणि वेगवेगळ्या योजनांचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होता, पण त्यातून पगार आणि कार्यालयाचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे हा पैसा आपल्या गावाचा असला तरी तो कशावर खर्चायचा, याच्या अटी वरूनच ठरून येतात. माहेराहून आलेल्या पैशासारखं आहे ते. पाठवणाऱ्यानं सांगितलं असतं, एवढे पोराच्या फीचे, एवढे दवाखान्याचे.

दुसरा पैसा गावातून उभा राहतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४ व्या कलमानं ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार दिलेला आहे. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य म्हणजे सफाईचा कर, पाणीपट्टी, आठवडी बाजाराची फी, मोरगावसारख्या देवस्थानाच्या गावाला यात्रा कर. शिवाय गाळ्यांचं भाडं, लिलाव. यातली पाणीपट्टी वेगळ्या खात्यात जाते आणि पाण्यावरच खर्च होते. बाकीचा पैसा हा गावाचा स्वनिधी.

आता दोन्हींचं वजन किती ते बघा. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२४ मध्ये देशातल्या पंचायतींच्या पैशाचा अहवाल काढला. २०२२-२३ साली एका पंचायतीला सरासरीनं केंद्राकडून सुमारे १७ लाख रुपये मिळाले, राज्याकडून सव्वातीन लाखांच्या आसपास. आणि पंचायतीनं स्वतःच्या करातून गोळा केले सुमारे २१ हजार. एकवीस हजार! आपल्यातला एखादा जुना गट यापेक्षा जास्त बचत वर्षाला करतो. हा आकडा सगळ्या देशाचा आहे, आपल्याकडच्या गावांचा कमी-जास्त असेल. पण हातात काय आहे आणि हात कुठं पसरलाय, ते त्यातून कळतं.

दहा टक्क्यांचा हिशोब

या स्वनिधीवर तीन हक्क लागू आहेत. पंधरा टक्के मागासवर्गीय वस्त्यांसाठी, दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी. शंभरातले तीस रुपये गावातल्या ज्यांना सगळ्यात आधी लागतात त्यांचे.

आता सोपं गणित करू. समजा एखाद्या गावाची घरपट्टीची वर्षाची मागणी दहा लाख आहे आणि जमा झाले चार लाख. मागणी कितीही असो, आपले दहा टक्के जमा झालेल्या पैशावर निघतात. म्हणजे चाळीस हजार. सगळी वसुली झाली असती तर एक लाख. मधले साठ हजार गेले कुठे? कुणी खाल्ले नाहीत. ते आलेच नाहीत. अंगणवाडीच्या संडासाचं दार त्या न आलेल्या साठ हजारात होतं.

भाऊसाहेबांच्या टेबलापुढं मला कळलं ते हेच. घरपट्टी न भरणं म्हणजे सरकारचे पैसे वाचवणं, असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यातला दहावा वाटा आपण आपल्याच पोरांचा बुडवतो.

मग लोक भरत का नाहीत?

लोक चोर आहेत म्हणून भरत नाहीत, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तीन वर्षं भरली नव्हती. आम्ही महिनाभर घरोघरी विचारलं. कारणं साधारण चार निघाली.

पहिलं, "आमच्या वस्तीवर दिवा नाही, गटार नाही, मग पट्टी कशाची?" रानातल्या वस्तीवरच्या बायका हे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. दुसरं, "पट्टी चुकीची लावलीय. पत्र्याच्या घराला स्लॅबच्या घराएवढी." तिसरं, "आम्ही सहाशे भरायचे, आणि रोडवरच्या हॉटेलवाल्याचे हजारो थकलेत त्याला कोण विचारतंय?" चौथं, "पैसा जातो कुठं ते कुणी सांगत नाही."

पाचवं कारण सदस्यांनी हळूच सांगितलं. वसुलीला गेलं की मत जातं. निवडणुकीच्या वर्षात कुणी दारात जात नाही, आणि निवडणूक तर कुठली ना कुठली असतेच.

यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या कारणाचे धडे आपल्याच मातीत आहेत. जुने आहेत, पण ऐकण्यासारखे आहेत.

इंदापूरचा धडा

इंग्रजांचं राज्य आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्यात जमिनींची मोजणी केली आणि १८३० च्या सुमारास शेतसारा बसवला. कागदावर हिशोब बारीक होता. पण पिकाचा अंदाज चुकला, सारा न झेपणारा निघाला. इंदापूर भागात रयत हैराण झाली. जमिनी पडीक पडल्या, लोक गाव सोडून गेले. सारा वाढवला आणि तिजोरी मात्र रिकामी झाली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातच नवी मोजणी सुरू केली, जमिनीचा कस बघून सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं पुन्हा लागवडीखाली आली. हीच पद्धत पुढं सगळ्या मुंबई इलाख्यात गेली.

तो सारा सरकारचा होता, गावाचा नव्हता, हे मला मान्य. पण धडा तोच. आकारणी चुकली की वसुली होत नाही, मग कितीही नोटिसा काढा.

आज घरपट्टी कशी लागते? पूर्वी चौरस फुटावर लागायची. २०१५ च्या अखेरीस नियम बदलले. आता जागेचा आणि बांधकामाचा दर, घर मातीचं, विटांचं की स्लॅबचं, किती जुनं, वापर राहण्याचा की धंद्याचा, यावरून घराचं मूल्य काढतात आणि त्यावर पट्टी बसते. म्हणजे मातीच्या जुन्या घराला कमी आणि रोडवरच्या नव्या हॉटेलला जास्त यायला पाहिजे. दर चार वर्षांनी आकारणी पुन्हा होते. यादी लावली जाते, हरकतीला मुदत असते. ही यादी आपण कधी वाचलीय का? आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा एका विधवा काकूंचं पडलेलं घर अजून 'चांगलं' म्हणून लागलेलं होतं. आणि दोन मजली बंगल्याचा वरचा मजला वहीत आलाच नव्हता.

यादी ज्या वहीत असते तिला नमुना ८ म्हणतात. ती बघताना आणखी एक बघा. घराच्या नोंदीत तुमचं नाव आहे का? पती-पत्नी दोघांच्या नावानं घराची नोंद करावी, असं सरकारनं 'घर दोघांचे' म्हणून २००३ सालीच ठरवलंय. नमुना ८ हा काही मालकीचा पुरावा नव्हे, ती कर आकारणीची वही आहे. तरी नाव असलेलं बरं. पट्टी भरायला पाटीत भाजी घेऊन बाजारात बसायचं आपण, आणि वहीत आपण नाहीच, हे चालू द्यायचं नाही.

सुप्याचा धडा

आता आपण जिथं बसलोय तिथली गोष्ट. १२ मे १८७५. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, मोठ्या बाजाराचं गाव. कर्जानं पिचलेली आसपासची रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. मागणी काय होती? वह्या द्या, खतं द्या. दिल्या तिथं वह्या जाळल्या आणि लोक पुढं गेले. दिल्या नाहीत तिथं लुटालूट, जाळपोळ झाली. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. नंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला.

लोकांनी वह्याच का जाळल्या? कारण वही एकाच्या हातात होती. तिच्यात काय लिहिलंय ते कर्ज घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवायचा आणि सांगितलं तेवढं मान्य करायचं. सारा वाढलेला, कापसाचा भाव पडलेला, हे सगळं होतंच. पण रोजचा राग त्या बंद वहीवर होता.

आणि आज त्याच सुप्यात आपण बसलोय आणि प्रत्येकीच्या पिशवीत गटाची वही आहे. आपली वसुली का होते? आपल्याकडे ना पोलीस, ना नोटीस. आपली वसुली होते, कारण दर बैठकीत वही उघडते, मोठ्यानं वाचली जाते, कुणाचे किती आले आणि कुणाला किती दिले ते सगळ्यांना कळतं. पंचसूत्री आपण पाठ म्हणतो: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्यातलं शेवटचं सूत्र नसेल तर आधीची चार टिकत नाहीत. गावाच्या तिजोरीचंही तसंच आहे. हिशोब उघडा झाला की भरणारा येतो.

आम्ही काय केलं

आम्ही आधी आपापल्या घरची थकबाकी भरली. कुणी एकदम, कुणी तीनदा करून. पावती घेतली. मगच महिला ग्रामसभेत उभ्या राहिलो. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, ती फक्त सह्यांची सभा नाही. तिथं दोनच ठराव मांडले. एक, मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि दहा टक्के कशावर खर्चले ते वाचून दाखवा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत जमाखर्च मांडायचाच असतो. दोन, मोठ्या दहा थकबाकीदारांची नावं वाचा. गरिबाच्या सहाशे रुपयांपासून सुरुवात नको.

नावं वाचली गेली. सातव्या नंबरला माझे चुलत दीर. जाऊबाई दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. हळदी-कुंकवाला बोलावणं आलं नाही. घरात मालकही म्हणाले, "भावकीत वैर घेऊन तुला काय मिळालं?" हे मी मुद्दाम सांगते. हे काम गोड नाही. पण दिवाळीनंतर दिरांनी अर्धी रक्कम भरली आणि ग्रामसभेत उठून म्हणाले, "आता गटाराचं पण विचारा." मी म्हटलं, आता तुमचाही विचारायचा हक्क आहे, भावजी.

वसुली शंभर टक्के झाली का? नाही. रोडवरचे दोघे अजून भरत नाहीत. पण संडासाला दार लागलं, टाकी आली.

आपण वसुलीला जावं का?

काही गावांत विचारणा होतेय की बचत गटानं घरपट्टीची वसुली करावी, त्यावर मोबदला घ्यावा. ओडिशात गटांच्या बायका 'जलसाथी' म्हणून शहरांत नळाची बिलं वाटतात, पैसे जमा करतात, त्यांना त्याचा मोबदला मिळतो. म्हणजे हे होऊ शकतं. पण माझं मत सांगते, पटलं तर घ्या. बिल वाटणं, माहिती देणं, पावती मिळवून देणं, एवढं आपण जरूर करावं. पण कुणाच्या दारात वसुलीला बसू नये. खासगी कंपन्यांचे वसुलीवाले संध्याकाळी दारात उभे राहिले की बाईला काय वाटतं ते आपल्यातल्या कितीतरी जणींनी भोगलंय. ते काम आपल्या हातून व्हायला नको.

आणि जिचं खरंच भागत नाही, तिच्यासाठी ग्रामपंचायतीला हप्ते पाडून द्यायची विनंती करा. घरपट्टीसाठी जादा व्याजाचं कर्ज काढू नका.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याची गोष्ट ऐकली असेल. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथं पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत केलं. बघा किती विचार केलाय. कर भरतात पुरुषांच्या नावानं, पण दळण बायकांच्या डोक्यावर. दळण फुकट म्हटल्यावर घरातली बाईच मालकाला विचारते, "पट्टी भरली का?" तिथं लोकांना दिलेल्या पैशाचं काहीतरी परत आलेलं रोज दिसत होतं. पैसा कुठं गेला ते दिसलं की पुढच्या वर्षी मागावं लागत नाही.

घरी गेल्यावर

पाच कामं सांगते, पंचसूत्रीसारखी पाठ करा.

एक. आपल्या घरची पट्टी किती, थकलेली किती, ते विचारा. ३० सप्टेंबरच्या आत भरली तर चालू पट्टीवर पाच टक्के सूट आहे, वर्ष उलटलं तर पाच टक्के दंड. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन. नमुना ८ मधली आपली नोंद वाचा. नाव, घराचा प्रकार, वापर. चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

तीन. महिला ग्रामसभेला जा आणि दहा टक्क्यांचा हिशोब मागा. किती जमा, किती खर्च, कशावर.

चार. मोठ्या थकबाकीदारांची नावं आधी वाचायला लावा. त्यात आपली भावकी निघाली तरी मागं हटू नका. आणि ग्रामपंचायतीत आपल्या सदस्य तायांनाही सांगा, बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत स्वतःची पट्टी भरली नाही तर सदस्यपद जाऊ शकतं, असं कायदा सांगतो.

पाच. गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीवर पाच मिनिटं बोला. दशसूत्रीत पंचायतराजमधला सहभाग आपण म्हणतो, तो असा होतो.

हा आपला भाग पावसाचा भरवसा नसलेला. जनाई-शिरसाईचं पाणी आलं तर आलं, नाहीतर उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. त्यामुळं आपल्याला वर बघायची सवय लागलीय. पाऊस वरून, पाणी वरून, निधी वरून. पण बचत गट काढला तेव्हा आपण वर बघितलं नव्हतं. दहा जणींनी पदराच्या गाठीचे पैसे सोडले होते आणि एक वही उघडली होती.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी किती जणी आपली पावती घेऊन येतील? हात वर करा. मोजते मी. आणि पुढच्या वार्षिक सभेला परत विचारणार आहे, लक्षात ठेवा.

चला, चहा घ्या.